रिकाम्या फांदीचा रिवाज

एक जंगल होतं आणि त्या जंगलाला एक सरकार होतं. जंगल फार आधीपासून होतं आणि सरकार नंतर आलं. सरकारी भाषणांत मात्र हे नेहमी उलट्या क्रमाने सांगितलं जायचं, आणि ऐकणारे माना डोलवायचे, कारण भाषण संपल्यावर चिंचा वाटत.

जंगलाचं नाव दाटरान. तिथे आधी वाघाचं राज्य होतं, पण त्याला शेजारच्या अभयारण्यातून बोलावणं आलं. तिथे रोज माणसं येऊन फोटो काढतात असं कळल्यावर तो मागे वळूनही न बघता गेला. मग निवडणूक झाली. अस्वलाने दर घराला मध द्यायचं वचन दिलं आणि ते राजा झालं. राजा झाल्यावर अस्वलमहाराजांनी पहिल्याच सभेत विचारलं, "आता सांगा बरं, मध कुठे कुठे आहे?" जनतेने मोठ्या उत्साहाने सांगितलं.

सगळ्यांत मोठं मोहोळ होतं टेकडीवरच्या बेहड्याला. हा बेहडा दाटरानातला सर्वांत उंच वृक्ष. त्याच्या शेंड्याजवळ एक आडवी फांदी होती आणि त्या फांदीवर गोंडाबाई शेकरू बसायची. बसणं हीच तिची नोकरी होती. बसायचं, चारी दिशांना बघायचं, आणि कुठे धूर दिसला की ओरडायचं. ऐकायला सोपं वाटतं. एका जागी बसून सतत बघत राहणं किती कठीण असतं, हे ज्याने परीक्षेच्या वर्गावर देखरेख केली आहे त्याला विचारावं.

गोंडाबाईचं ओरडणं म्हणजे खडखडाट. बांबूच्या बेटातून कोणी काठी फिरवत धावत जावं तसा आवाज. तो आवाज आला की गवे उठायचे, वारा धूर ज्या बाजूला नेतोय त्या बाजूला धावायचे आणि गवत-पाला तुडवून मातीचा एक उघडा पट्टा करायचे. आग पट्ट्यापर्यंत यायची, खायला काही नाही म्हणून खंतावून विझायची. असं इतक्या उन्हाळ्यांत झालं, की दाटरानातल्या पोरांना वणवा म्हणजे काय हे सांगूनही कळेना. वणव्याची भीती गेली. आणि भीती गेल्यावर, वर ही बाई कशासाठी बसली आहे, असं सरकारला वाटू लागलं.

तेवढ्यात गोंडाबाईचीच बोटं थकली. साल पकडताना पंजा निसटायला लागला. एकदा ती घसरली आणि खालच्या फांदीने धरली म्हणून वाचली. तेव्हा तिने ठरवलं, आता बस.

आता इथे दाटरानातला एक रिवाज नीट समजून घ्यायला हवा, कारण पुढचा सगळा गोंधळ त्याच्यामुळे झाला. कोणी काम सोडून निघालं आणि त्याच्या जागी दुसरं कोणी येऊन बसलं, तर निघणाऱ्याने पोटभर जेवावं, सगळ्यांना नमस्कार करावा आणि जावं. जागा सरकारची होती, सरकारकडे राहिली. पण त्याच्यामागे कोणालाच बसवलं नाही, तर गोष्ट वेगळी. मग त्याचा अर्थ असा, की तो नुसता गेला नाही. त्याचं कामच मोडीत काढलं. अशाला नुसत्या जेवणावर वाटेला लावायचं नाही. ती रिकामी जागा, मग ती अख्ख्या झाडासकट फांदी असो, बीळ असो की पाणवठ्यावरचा दगड, त्याला कायमची देऊन टाकायची. सरकारला नको आहे ना, मग ज्याने ती बसून बसून गुळगुळीत केली त्याला मिळू दे, इतका साधा विचार.

जागा रिकामी आहे की नाही हे ठरवायची रीतही ठरलेली होती. पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडावर मोहाचं पहिलं फूल गळालं, की त्या दिवशी पंचांनी जंगलातल्या एकेका जागेपाशी जाऊन बघायचं. कोणी बसलेलं दिसलं तर जागा भरलेली. नाही दिसलं तर जाणाऱ्याची. बसलेला कोण, कसा, कशासाठी, हे पंचांनी विचारायचं नाही. जुन्या मंडळींना वाटलं होतं, नुसतं बघायचं आहे, त्यात लबाडी कसली होणार?

गोंडाबाईचा निरोप समारंभ झकास झाला. अस्वलमहाराज स्वतः आले, कारण समारंभ मोहोळाखाली होता. "गोंडाबाईंची जागा," महाराज वर मोहोळाकडे बघत म्हणाले, "कोणीही भरून काढू शकत नाही!" टाळ्या झाल्या. आणि सरकारनेही मग तसा प्रयत्न केला नाही.

त्याच संध्याकाळी गोंडाबाईने बेहड्याच्या बेचक्यातली ढोली सोडली. ढोली नोकरीबरोबर मिळाली होती, नोकरीबरोबर गेली. शेकरू दरवर्षी काटक्या-पानांचं नवं घरटं बांधतात. पण काटकी धरायला बोटं लागतात, आणि बोटं थकली म्हणून तर नोकरी सोडलेली. तेव्हा बेहड्याच्याच मुळाशी साळूताई साळिंदर राहायची, तिच्या बिळाच्या तोंडाशी गोंडाबाईने मुक्काम टाकला. शेकरूला जमिनीवर चैन पडत नाही. सगळं वरून आपल्यावर कोसळेल असं वाटतं.

"अगं, असं सारखं वर काय बघतेस?" साळूताई म्हणायची. "मान मोडेल. पाऊस गेला, थंडी आली, त्या फांदीवर साधा भोरडा तरी येऊन बसला का? कोणी बसवत नाहीयेत. मोहाचं फूल पडलं की झाड तुझं. ढोलीसकट, मोहोळासकट."

"मोहोळाचं मला काय करायचंय? ढोली मिळाली तरी पुरे."

"मोहोळाचं मला करायचंय."

"विचारून यावं का एकदा?"

"ये विचारून. पण त्या खवल्याला प्रश्न नको विचारूस, गोळा होतो मेला."

खवलेसाहेब म्हणजे दाटरानाचे आस्थापना प्रमुख. जातीने खवले मांजर. कोणाला कुठे बसवायचं आणि कोणाला उठवायचं हे त्यांच्याकडे. त्यांचं कार्यालय मुंग्यांच्या वारुळापाशी होतं, आणि मुंग्यांची एकही तक्रार त्यांच्याकडे कधी शिल्लक राहत नसे, कारण तक्रार घेऊन आलेली मुंगी ते खाऊन टाकत. बाकीच्यांसाठी त्यांची पद्धत निराळी होती. प्रश्न कानावर पडला की ते स्वतःला गुंडाळून घेत. शेपूट तोंडावर, खवले बाहेर, टणक गोळा. विचारणारा थोडा वेळ थांबायचा, कंटाळायचा, निघून जायचा. मग साहेब उलगडत.

"साहेब, बेहड्यावर कोणाला बसवणार आहात का?" गोंडाबाईने विचारलं.

साहेबांचा गोळा झाला.

गोंडाबाई समोर बसली. ती हलली नाही. आयुष्यभर हेच काम केलेलं. ऊन वारुळाच्या या बाजूचं त्या बाजूला गेलं. शेवटी खवल्यांची एक फट उघडली आणि तिच्यातून एक डोळा दिसला.

"अजून आहात?"

"आहे की."

साहेब नाइलाजाने उलगडले. "गोंडाबाई, आपला काहीतरी गैरसमज झालेला आहे. ती जागा रिकामी नाहीच. तिचा अतिरिक्त कार्यभार पाठाऱ्यांकडे दिलेला आहे."

"पाठारेकाकांकडे? ते तर कासव आहेत."

"सरकार जातपात बघत नाही."

"पण ते झाडावर चढणार कसे?"

गोळा. या वेळी दिवस मावळला तरी उलगडला नाही.

पाठारेकाका तळ्याच्या काठी भेटले. दाटरानातलं सर्वांत वयस्कर कासव. पाण्याची पातळी बघणं हे त्यांचं मूळ काम. मग जो जो कोणी गेला त्याचं काम त्यांच्या पाठीवर येत गेलं, कारण पाठ रुंद होती. टपाल त्यांच्याकडे, पिलांची शाळा त्यांच्याकडे, हरवलेल्यांचा शोध त्यांच्याकडे, आणि तातडीची मदतही त्यांच्याकडे.

"काका, तुम्हाला बेहड्यावर नेमलंय म्हणे?"

"असं ऐकतो मीही."

"तुम्ही सांगितलं नाहीत का, चढता येत नाही म्हणून?"

"बाई, ते सरकारला माहीत आहे. म्हणून तर मला दिलं. चढता येणाऱ्याला दिलं तर तो चढेल. चढला की रोजचा उंबरांचा वाटा मागेल." काकांनी मान आत घेतली, पुन्हा बाहेर काढली. "मी हरकत घेतली होती. पण हरकती ऐकण्याचा कार्यभारही माझ्याकडेच आहे. माझी बाजू मी शांतपणे ऐकून घेतली आणि फेटाळली."

"आणि धूर दिसला तर?"

"दिसला तर कळवीन. टपालाने."

गोंडाबाई परत आली. साळूताईने सगळं ऐकलं आणि अंगावरचे काटे खळखळवून हसली. "मग तर जिंकलीसच तू! पंच वर बघणार. पाठारेकाका काय वर दिसणार आहेत? त्यांना कार्यभार दिलाय, पंख दिलेत का?"

हे साळूताई इतक्या मोठ्याने म्हणाली, की ते टकाचोराने ऐकलं. टकाचोर हा लांब शेपटीचा पक्षी सरकारचा दवंडीवाला होता. जनतेला सरकारचं सांगायचं आणि सरकारला जनतेचं सांगायचं, आणि दोन्हींकडून थोडं थोडं खायचं. दुसऱ्याच दिवशी अस्वलमहाराज आणि खवलेसाहेब बेहड्याखाली येऊन उभे राहिले. बिळाच्या तोंडाशी दोघी श्वास रोखून ऐकत होत्या.

"झाड जाणार म्हणजे, मोहोळासकट?" महाराजांनी विचारलं.

"मोहोळासकट, महाराज."

"मग बसवा कोणाला तरी!"

"बसवलं तर रोजचा वाटा द्यावा लागेल. वाटे आपण बंद केले आहेत. ते आता आपल्या फराळात येतात."

"मग नका बसवू."

"मग झाड जाईल."

महाराजांनी बराच वेळ विचार केला. विचार करताना ते खोडाला पाठ घासत होते. "म्हणजे, कोणीतरी बसलंही पाहिजे, आणि कोणी बसवलेलंही असता कामा नये."

"वा! महाराजांनी अगदी नेमकं धोरण सांगितलं," खवलेसाहेब म्हणाले.

धोरण ठरल्यावर अंमलबजावणीला वेळ लागत नाही. मोहाच्या कळ्या फुगल्या. ज्या सकाळी पहिलं फूल गळालं, त्या सकाळी वानरांची एक टोळी पाठारेकाकांना वेलींच्या झोळीत घालून टेकडीवर घेऊन आली. टकाचोर पुढे उडत ओरडत होता, "एकही जागा रिकामी नाही! दाटरानात कमी काही नाही! अतिरिक्त कार्यभारातून अतिरिक्त विकास!"

वानरांनी झोळी ओढली. काका वर निघाले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी स्वतःचं तळं वरून पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. वानरांनी त्यांना आडव्या फांदीवर ठेवलं, तेही तोंड खोडाकडे करून. मग ती टोळी महाराजांच्या मेजवानीला पळाली.

"अरे, उतरायचं कसं?" काकांनी विचारलं.

"उतरण्याचा आदेश नंतर निघेल!" टकाचोर म्हणाला आणि तोही मेजवानीला गेला.

गोंडाबाई खाली बसून राहिली. वर्षभर जिच्याकडे बघत दिवस काढले, त्या फांदीवर एक कासव होतं. रिवाजाप्रमाणे जागा भरली होती. "जाऊ दे, साळू," ती म्हणाली. "तुझ्या बिळाला दरवाजा करू आपण. वारा लागतो फार."

साळूताईला हे मान्य नव्हतं. तिने वर तोंड केलं. "अहो पाठारेकाका! लाज नाही वाटत? तिच्या हक्काच्या जागेवर धोंड्यासारखे बसलात!"

वरून काकांचा आवाज आला, नेहमीसारखाच संथ. "साळूताई, मी विचार करतोय. आदेशाशिवाय मला उतरता येत नाही. पण पडायला आदेश लागतो असं कुठे ऐकलेलं नाही."

साळूताईचे काटे एकदम उभे राहिले. "काका!"

"पंच टेकडी चढायला लागले की सांगा. आणि खाली जरा पाला गोळा करा. पाठ जुनी आहे."

दोघींनी पाला ओढला. पानगळीचे दिवस, पाल्याला तोटा नव्हता. गुडघाभर ढीग झाला, तरी साळूताई आणखी ओढत होती. काकांचं वजन तिने मनातल्या मनात दोनदा वाढवलं होतं. थोड्या वेळाने टेकडीच्या पायथ्याशी पंच दिसले. सर्वांत पुढे पंचांतला थोरला गवा, मागे बाकीचे. थोरला गवा सरळ मनाचा होता. जे दिसलं तेच सांगायचं, हे त्याने आयुष्यभर पाळलं होतं; त्यामुळे त्याला काय दिसावं याची व्यवस्था इतर लोक करत.

"काका, आले!"

काकांनी मान, पाय, शेपूट आत घेतलं आणि स्वतःला सोडून दिलं. एका फांदीला लागून दुसरीला लागून ते धप्प करून ढिगात पडले. ढीग हलला. त्यातून आधी एक पाय आला, मग डोकं आलं.

"लागलं का हो?" गोंडाबाई धावली.

"ते नंतर बघू," काका म्हणाले. "बाई, पडताना माझं तोंड फिरलं आणि मोहाची राई दिसली. तिकडे धूर आहे. बराच आहे. मी पडता पडताच ओरडलो, पण माझं ओरडणं मलाच ऐकू आलं नाही."

इथे सांगायला हवं, की धूर कुठून आला. माणसं मोहाखालचा पाला जाळतात, म्हणजे पडलेली फुलं वेचायला सोपी जातात. हे महाराजांनी कुठूनतरी पाहिलं होतं आणि त्यांना फार आवडलं होतं. आजच्या मेजवानीसाठी त्यांनी वानरांकरवी शेताच्या बांधावरची धुमसती लाकडं आणवली आणि राईतला पाला पेटवायला सांगितलं. माणसं पेटवतात तेव्हा हातात हिरवा डहाळा घेऊन शेजारी उभी राहतात. महाराजांनी तेवढं पाहिलं नव्हतं. आणि गेल्या वर्षीची साठवलेली मोहाची फुलं त्यांनी आधीच पोटभर खाल्ली होती आणि ते झिंगले होते.

गोंडाबाईने नाक वर केलं. वारा राईकडून कुरणाकडे होता. कुरणात या दिवसांत हरणी पाडसं गवतात लपवून चरायला जातात. पाडसाला एकच शिकवण असते: काही झालं तरी हलायचं नाही.

ती खोडाकडे वळली. साळूताईने तिची शेपटी पंजात धरली.

"थांब! वेडी आहेस का? बघ, ते वळणावर आलेत. येऊ देत, वर बघू देत, 'रिकामी' एवढं म्हणू देत. मग हवं तितकं ओरड!"

"तो गवा किती हळू चालतो बघ."

"मग इथून ओरड, खालून!"

"खालून टेकडीच्या पलीकडे जात नाही आवाज. तुला माहीत आहे."

"गोंडे, वर दिसलीस तर जागा भरली असं होईल गं! तूच तुझी ढोली घालवशील!"

"साळू, सोड. शेपटी दुखते."

साळूताईने सोडली.

गोंडाबाई चढली. पंजा दोनदा निसटला, तिसऱ्यांदा तिने सालीत दात रोवले. ढोलीजवळून गेली तेव्हा ढोलीकडे बघायचं तिने टाळलं. मग ती आडव्या फांदीवर आली, बसून बसून पडलेल्या स्वतःच्या खळग्यात बसली, आणि ओरडली.

वर्षभर न ऐकलेला तो खडखडाट दाटरानावरून गेला, तसे सगळे गवे एकदम उठले. थोरला गवा टेकडीच्या वळणावर थबकला, आपण पंच आहोत हे विसरला आणि मागे वळून धावला. हरणी कुरणाकडे सुटल्या. गोंडाबाई दिशा दाखवत राहिली: आवाज लांबला म्हणजे डावीकडे, तुटक आला म्हणजे उजवीकडे. गव्यांनी पट्टा तुडवला. आग आली, पट्ट्याशी थांबली, इकडेतिकडे तोंड घालून पाहिलं आणि बसली. मोहाची राई मात्र गेली. पाडसं वाचली.

दुपार कलल्यावर काळवंडलेले पंच टेकडीवर पोचले. गोंडाबाई अजून फांदीवरच होती.

थोरल्या गव्याने मान खालीच ठेवली. "गोंडाबाई," तो जमिनीकडे बघत म्हणाला, "आम्ही अजून वर बघितलेलं नाही. तू उतर. मग आम्ही बघतो."

खालून साळूताई ओरडली, "उतर गं! उतर लवकर!"

"ओढ्याच्या कडेला एक ओंडका धुमसतोय अजून," वरून गोंडाबाई म्हणाली. "तो विझला की उतरते."

"अगं, एक ओंडका!"

"एकानेच पेटतं, साळू."

तेवढ्यात टकाचोर आला. शेपटीचं टोक जळलं होतं, पण आवाज शाबूत होता. "पाहिलं हो पाहिलं! जागेवर कर्मचारी हजर! संकटकाळी यंत्रणा सज्ज! एकही जागा रिकामी नाही!" आता न बघून चालण्यासारखं नव्हतं. थोरल्या गव्याने वर बघितलं आणि जे दिसलं ते सांगितलं. "बसलेलं आहे," तो म्हणाला, आणि बराच वेळ खुराने माती उकरत राहिला.

संध्याकाळी बेहड्याखाली सभा भरली आणि निकाल खवलेसाहेबांनी दिला. जागा भरलेली आहे, म्हणून झाड सरकारचं. भरणारी गोंडाबाई असली तरी ती रीतसर निरोप घेतलेली आहे, म्हणून तिला वाटा नाही. ती जागेवर आहे, म्हणून तिला रिकाम्या जागेचा हक्क नाही. आणि ती गेलेली आहे, म्हणून तिला जागेवर असल्याचाही हक्क नाही. पाठारेकाकांवर आदेशाशिवाय पडल्याबद्दल चौकशी लावली. चौकशीचा कार्यभार पाठारेकाकांकडेच होता. त्यांनी स्वतःला कडक समज दिली.

साळूताई गप्प बसली नाही. "पंच," ती भर सभेत म्हणाली, "आज फूल गळायच्या दिवशी तुम्ही एकच जागा बघितलीत. सगळ्या जागा बघायचा रिवाज आहे. वाटेत पाणवठ्यावर महाराजांचं सिंहासन लागतं. त्याच्यावर कोण होतं?"

थोरल्या गव्याने आठवून पाहिलं. "कोणी नव्हतं," तो म्हणाला, कारण कोणी नव्हतं. वणवा पेटला तेव्हा महाराज सर्वांत आधी नदी पोहून पलीकडे गेले होते, आणि अजून तिथेच करवंदीच्या जाळीत झोपलेले होते.

सभेत कुजबुज झाली. खवलेसाहेबांचा गोळा झाला, इतका घट्ट, की तो उतारावरून थोडा गडगडला. या वेळी मात्र कोणी उठून गेलं नाही. सगळे गोंडाबाईसारखे बसून राहिले. साळूताई त्या गोळ्याकडे बघत हळूहळू काटे खळखळवत होती. बऱ्याच वेळाने गोळा उलगडला, आणि साहेबांचा चेहरा उजळलेला होता.

"साळूताईंचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे," ते म्हणाले. "रिवाज सगळ्यांना सारखा. महाराज निघून गेले. त्यांच्या जागी कोणी बसलेलं नव्हतं. पंचांनी स्वतः पाहिलं. तेव्हा रिवाजाप्रमाणे ती जागा, जो गेला त्याला, कायमची."

थोरल्या गव्याने यात कुठे चूक आहे हे शोधून पाहिलं. त्याला सापडली नाही. त्या वर्षी दाटरानात रिवाजाप्रमाणे हक्क मिळालेले अर्जदार एकटे महाराजच. पुढे निवडणूक घ्यायचं कारणच उरलं नाही. महाराज नदीपलीकडेच राहिले, आणि बेहड्याचा मध तिकडे पोचवण्याचा अतिरिक्त कार्यभार पाठारेकाकांकडे आला. ते अजून वाटेत आहेत.

गोंडाबाईला ढोलीत राहू देण्यात आलं. हक्क म्हणून नाही, सोय म्हणून. उंबरं साळूताई रात्री आणून मुळाशी ठेवते आणि सकाळी पोटभर शिव्या देते.

"पुढच्या वेळी ओरडलीस तर याद राख," ती म्हणते. "बसू दे त्यांना बोंबलत. वाटा मागून घे आधी."

"हो गं. पुढच्या वेळी नाही ओरडणार."

"शपथ?"

"तुझी शपथ."

मग ओढ्यापलीकडे कुठेतरी धुराची एक बारीक रेघ उठते, आणि साळूताई शिवी पूर्ण करेपर्यंत गोंडाबाई अर्ध्या झाडावर असते.

खवलेसाहेबांनी त्यावरून सगळ्या जंगलासाठी योजना काढली. नदीच्या उतारावर पिलांना पलीकडे नेणारी म्हातारी सांबरीण, जखमांना पाला लावणारा वानर, पाणवठ्यावर मगरीची वर्दी देणारी टिटवी, सगळ्यांना समारंभ करून निरोप दिला. त्यांच्या जागी कोणाला नेमलं नाही. पण म्हणून काही पिलं बुडाली नाहीत, जखमा चिघळल्या नाहीत, की मगरीने फारसं कोणाला नेलं नाही. पंच प्रत्येक उन्हाळ्यात फिरतात, बघतात, आणि जे दिसतं ते सांगतात.

दाटरानात आज एकही जागा रिकामी नाही, असं टकाचोर रोज सकाळी सांगतो. आणि त्यात खोटं काही नाही. ज्यांना ज्यांना घरी पाठवलं, ते सगळे अजून कामावर येतात.